कांद्याचा रास्त भाव कोणी ठरवायचा?

सुमेधा_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या दारात रोज एक भाजीवाले येतात. गेल्या आठवड्यात कांद्याच्या भावावरून एका शेजारणीचा त्यांच्याशी वाद झाला. "ही सरळ लूट आहे," असे त्या म्हणाल्या. "ताई, यार्डात जो भाव निघतो त्यावर मी चार पैसे ठेवतो," एवढेच तो माणूस म्हणाला आणि पुढे निघून गेला.

मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. केले. किंमत मागणी आणि पुरवठ्यातून ठरते, तिला चांगली किंवा वाईट असे काही नसते, हे आम्ही पाठ केले होते. "लूट" हा शब्द मात्र नीतीचा आहे. मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, ज्या वर्षी शेतकऱ्यांनी कांदा रस्त्यावर ओतला, त्या वर्षी आमच्या सोसायटीत कोणीही "ही शेतकऱ्याची लूट आहे" असे म्हटले नाही. मीही म्हटले नाही. दहा किलो जास्तीचा घेऊन ठेवला.

म्हणून प्रश्न विचारते. "रास्त भाव" या कल्पनेला अर्थशास्त्रात काही स्थान आहे का, की ती केवळ ज्याच्या त्याच्या सोयीची भावना आहे? आणि स्थान असेल, तर तो भाव बाजाराने ठरवायचा, सरकारने की समाजाच्या रीतीने?

अर्थसाधक

सुमेधाताई, तुमचा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच जुना आहे. महाविद्यालयात तीस वर्षे हा विषय शिकवल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. राष्ट्रांच्या संपत्तीवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १७७६ चा. त्याच्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये, त्याने मानवी सहानुभूती आणि नैतिक निवाडा यांवर ग्रंथ लिहिला होता. त्याच्या विचारात बाजारभाव आणि स्वाभाविक भाव असे दोन भाव आहेत. जमिनीचा खंड, मजुरी आणि नफा यांचा नेहमीचा मोबदला ज्या किमतीत सुटतो, तो स्वाभाविक भाव, आणि बाजारभाव त्याच्या वर-खाली हेलकावे घेतो. आपल्याकडे कौटिल्याने तर देशी मालावर व्यापाऱ्याला शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफ्याची मुभा सांगितली आहे. "किंमत ही फक्त किंमत असते" ही तुम्ही पाठ केलेली शिकवण बरीच अलीकडची आहे. १८७० नंतर जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या अर्थशास्त्रज्ञांनी सीमांत उपयोगितेवर (आणखी एक नग घेतल्याने मिळणाऱ्या समाधानावर) किमतीची मांडणी केली, तिच्यातून ती घडत गेली.

पण याच स्मिथने धान्याच्या व्यापाऱ्याची बाजूही घेतली आहे. साठेबाजाबद्दल लोकांना वाटणारी भीती त्याने चेटकिणींच्या भीतीच्या पंक्तीला बसवली होती. त्याचा युक्तिवाद असा की, टंचाई येणार हे ओळखून व्यापाऱ्याने भाव वेळेवर चढवला, तर लोक आधीपासून जपून वापरतात आणि साठा हंगामाच्या शेवटापर्यंत पुरतो. कांद्याला हे तंतोतंत लागू आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवा लाल कांदा येईपर्यंत पुरवायचा असतो. जूनपेक्षा सप्टेंबरचा भाव जास्त असणे ही आपोआप लूट ठरत नाही. ती साठवणुकीची, घटीची आणि जोखमीची किंमत असते.

निफाडकर

सरांनी घटीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमची दोन एकर उन्हाळ कांद्याची शेती आहे आणि कांदा साठवायची स्वतःची चाळ आहे. चाळीत भरलेला कांदा पाच महिन्यांत वाळण्यात, सडण्यात आणि कोंब फुटण्यात मिळून पाव ते तिसरा हिस्सा कमी होतो, असा माझा घरचा अनुभव आहे. पाऊस लांबला आणि हवा दमट राहिली तर याहून जास्त. म्हणजे मे महिन्यात मिळाला असता तोच भाव मला सप्टेंबरात मिळाला, तर मी तोट्यात असतो. शहरातल्या माणसाला दिसतो तो चढलेला भाव. चाळीच्या तळाशी पाणी सुटलेला कांदा त्याला दिसत नाही. तो निवडून बाहेर काढायला बायका लागतात आणि त्यांची मजुरी त्याच दिवशी द्यावी लागते.

आता डिसेंबर २०२३ चे सांगतो. आदल्या संध्याकाळी माझा भाऊ लाल कांद्याचा ट्रॅक्टर भरून बाजार समितीच्या आवारात नंबर लावून झोपला होता. सकाळी निर्यातबंदीची बातमी आली आणि लिलाव बंद पडले. दोन दिवस ट्रॅक्टर तिथेच उभा राहिला, कारण लाल कांदा परत नेऊन साठवता येत नाही. लिलाव सुरू झाल्यावर आदल्या आठवड्याच्या जवळपास निम्म्या भावाने माल गेला. एका रात्रीत ना पीक वाढले होते, ना खाणारी तोंडे कमी झाली होती. सुमेधाताई, ती लूट होती की नव्हती, हे तुम्हीच सांगा.

ओवी

निफाडकर दादा, वाचून वाईट वाटले. आम्ही कांदा चिरताना रडतो, तुम्ही विकताना.

गिरणगाव

निफाडकरांचे दुःख खरे आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण दुसरी बाजू मांडली नाही तर हा धागा एकांगी होईल.

मी परळच्या चाळीत वाढलो. वडिलांची गिरणी १९८२ च्या संपानंतर पुन्हा सुरू झाली नाही. त्या काळात भाकरी, मीठ-मिरची आणि फोडलेला कांदा हे आमचे अनेक दिवसांचे पूर्ण जेवण होते. अर्थसाधक सर म्हणतात की भाव चढला की लोक जपून वापरतात. जपून कोण वापरतो? ज्याचे पगारात भागते, तो भाव दुप्पट झाला तरी तेवढाच कांदा घेतो. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत, त्याच्या ताटातला कांदा जातो. किमतीने टंचाई "वाटून" देण्याचा अर्थ, टंचाईचा सगळा भार ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यावर टाकणे, असा होतो. याला कार्यक्षमता म्हणा, पण रास्त म्हणू नका. म्हणून भाव एका मर्यादेपलीकडे गेला की सरकारने हात घालणे मला आजही योग्य वाटते.

अर्थसाधक

गिरणगाव, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो अर्थशास्त्राच्या आतलाच आहे. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवले की, लाखो माणसे मेली ती केवळ प्रांतात धान्य नव्हते म्हणून नव्हे. शेतमजूर, कोळी, छोटे कारागीर यांच्या मिळकतीने धान्य विकत घेणे अशक्य झाले म्हणून. बाजारातील मागणीत फक्त पैशाचा आवाज ऐकू येतो, भुकेचा येत नाही. जो विद्यार्थी हे विसरतो, त्याला मागणीचा वक्र समजलाच नाही असे मी वर्गात सांगत असे.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा, हे महत्त्वाचे आहे. गरिबाची खरेदी करण्याची ताकद कमी असेल, तर ती वाढवण्याचा खर्च साऱ्या समाजाने करांतून उचलला पाहिजे. तो खर्च एकट्या कांदा उत्पादकाच्या भावातून कापून घेणे म्हणजे एका गटावर न सांगता लावलेला कर आहे, आणि त्या गटातही गरीब पुष्कळ आहेत.

कृष्णाकाठ

मग उसासारखे करा. उसाला रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवते आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. कांद्याला असे काहीच नाही.

मात्र मी उसाच्या पट्ट्यातला आहे, म्हणून त्याची किंमतही सांगतो. दराची खात्री आहे म्हणून आमच्याकडे दुसरे पीक कोणी मनावर घेत नाही. पाणी जिथे पोचते तिथे ऊस आणि जमीन खारवली तरी ऊस. साखरेला उठाव नसेल तेव्हा कारखाने पैसे थकवतात आणि तो "ठरलेला" दर मिळवण्यासाठी आम्हाला रस्त्यावर बसावे लागते. भाव कागदावर ठरवता येतो, पण तो देणाऱ्याकडे पैसे कुठून येणार, हे कागद ठरवत नाही. शिवाय ऊस फक्त कारखाना घेतो, म्हणून त्याला बांधता तरी येते. कांदा हजारो जण घेतात, तिथे कोणाला बांधणार?

बाजारओटा

आमच्या घरात तीन पिढ्यांची आडत, म्हणजे बाजारात शेतमाल विकून देण्याची दलाली आहे. आतापर्यंत व्यापाऱ्याला या धाग्यावर कोणी दोष दिला नाही याचे मला समाधान आहे, पण प्रामाणिकपणे दोन्ही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी. २०१९ च्या सप्टेंबरअखेर निर्यातबंदीबरोबरच साठ्याची मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल आणि किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल. साठा लपवून ठेवणाऱ्यावर तिचा काय परिणाम होतो ते मला माहीत नाही. उघडपणे खरेदी करणाऱ्यावर मात्र असा होतो की तो दुसऱ्या दिवशी लिलावात हात वर करत नाही. मोठ्या बाजारात दोन-तीन मोठ्या गाड्यांतच ५०० क्विंटल भरतो. मग शेतकऱ्याच्या मालाला बोली कोण लावणार?

दुसरी गोष्ट सांगणे मला जड जाते. परवाने पुष्कळांकडे असतात, पण रोज नेमाने बोली लावणारे हात थोडे असतात, आणि ते एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. कोण किती घेणार याचा अंदाज लिलावाआधीच्या चहावर येतो. याला कट म्हणावे असे नेहमीच काही ठरलेले नसते, पण पुस्तकातली स्पर्धाही ती नव्हे. माझे आजोबा म्हणत, शेतकऱ्याची घाई हाच व्यापाऱ्याचा नफा.

निफाडकर

बाजारओटा, हे उघडपणे लिहिल्याबद्दल आभार मानतो. आमच्या घाईचे कारण गावच्या पतपुरवठा सोसायटीचे कर्ज आणि खताच्या दुकानाची उधारी हे असते. ज्याची चाळ नाही त्याला मे महिन्यातच विकावे लागते.

सुमेधा_कोथरूड

हे वाचून मी थोडे शोधले. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात असे आढळते की, ग्राहकाने कांद्यासाठी दिलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात. टोमॅटोत सुमारे ३३ आणि बटाट्यात ३७. दुधात मात्र शेतकऱ्याचा वाटा सुमारे ७० पैशांचा आहे. म्हणजे आमच्या दारात भाव चाळीस रुपये असतो, तेव्हा निफाडकरांच्या हातात साधारण साडेचौदा रुपये पडतात. हा फरक मला ठाऊक नव्हता.

अर्थसाधक

दुधाची तुलना करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दूध रोज निघते आणि रोज विकले जाते, त्यामुळे हंगामाची जोखीम कमी असते. आणि दुधाच्या संकलनात सहकारी संघ मधल्या टप्प्यांची मालकी स्वतःकडे ठेवतात. पण ६४ पैसे म्हणजे सगळा मधल्या माणसाचा नफा, असेही समजू नये. हमाली, तोलाई, बारदान, वाहतूक, सड आणि दुकानाचे भाडे हे सगळे त्यात येते.

माहितीचा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर टप्प्याटप्प्याने मोबाईल आले. कोळी समुद्रातूनच कोणत्या बंदरात काय भाव आहे हे विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासात दिसले की, बंदराबंदरांतील भावाचा फरक खूप घटला, न विकली गेलेली मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा वाढला आणि ग्राहकाची किंमतही थोडी उतरली. बाजार सुधारला तो कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. कोळ्याला दुसऱ्या बंदरावर जाण्याची सोय मिळाली म्हणून.

वाळवंटी

दुबईहून लिहितो आहे. इथल्या बाजारात मी भाजीपाल्याच्या आयातीचे काम करतो. निर्यातबंदी आली की आमच्याकडे भारतीय कांद्याच्या ऑर्डर अर्ध्यावर थांबतात, आणि ग्राहक पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा घेऊ लागतो. बंदी उठल्यावर सगळेच गिऱ्हाईक परत येत नाही. निर्यात पुन्हा कधी बंद होईल हे माहीत नसलेल्या पुरवठादाराशी कोणी वर्षभराचा करार करत नाही. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन सांगितले होते की, आधी कळवले असते तर आम्ही दुसरी सोय केली असती. व्यापारातला विश्वास हेसुद्धा एक भांडवल असते, आणि ते उभे करायला निफाडच्या शेतकऱ्याची अनेक वर्षे खर्ची पडलेली असतात.

ओवी

थोडे विषयांतर करते. मागणी-पुरवठ्याचा विचार करताना कांदेनवमी विसरू नका. आमच्याकडे आषाढ शुद्ध नवमीला थालीपिठापासून भज्यांपर्यंत सगळे कांद्याचे होते आणि एकादशीपासून चार महिने कांदा बंद. आजी म्हणायची, चातुर्मासात कांदा महाग, म्हणून तो सोडण्यात पुण्य सोपे. पूर्वजांनी धर्मात अर्थशास्त्र घातले होते की काय, असे मला नेहमी वाटते.

अर्थसाधक

ओवीताई, हे विषयांतर नाहीच. साठा संपत येण्याच्या काळात मागणी कमी करणारी रीत हीसुद्धा एक सामाजिक व्यवस्था आहे. तिचा हेतू तो असो वा नसो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कांद्याचे भाव एका वर्षी आकाशाला आणि पुढच्या वर्षी मातीला का भिडतात, याला अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये कोळी या किड्याच्या जाळ्याची उपमा दिली. यंदा भाव चढला की शेतकरी पुढच्या वर्षी जास्त लावतो, त्यामुळे भाव पडतो. पडला की कमी लावतो आणि भाव चढतो. कांद्याला पर्याय नसल्याने पुरवठ्यातला थोडासा फरकही भाव खूप हलवतो.

निफाडकर

सर, आदर ठेवून असहमती नोंदवतो. आम्ही फक्त मागच्या वर्षीचा भाव बघून रोप टाकतो, असे मानणे आमच्यावर अन्याय आहे. आळेफाट्याकडे किती लागवड झाली, मध्य प्रदेशात पाऊस कसा आहे, गुजरातचा कांदा कधी येईल, हे सगळे आम्ही बघतो. पाच-सहा जण मिळून बियाण्याच्या खपावरूनही अंदाज बांधतो. अंदाज करता येत नाही तो फक्त अधिसूचनेचा.

अर्थसाधक

तुमची असहमती जॉन म्युथ यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या आक्षेपाशी जुळते: उत्पादक हाती असलेली सगळी माहिती वापरतो, त्याला दरवर्षी त्याच चुकीत अडकणारा समजू नये. तुमचे शेवटचे वाक्य मात्र त्यांच्या मांडणीतही नाही, आणि आपल्या देशासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

सुमेधा_कोथरूड

मी अधिसूचनांचा क्रम लावून पाहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबरपासून बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरात अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलला, आणि कांदा शेतात उभा राहायला रोपापासून चार-पाच महिने लागतात.

म्हणजे माझा प्रश्नच थोडा चुकला होता का? मी रास्त भाव विचारत होते. निफाडकर रास्त नियम मागत आहेत.

गिरणगाव

सुमेधाताई, या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. १९८० मध्ये चाकणला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हाची "भीक नको, घेऊ घामाचे दाम" ही घोषणा मी लहानपणी ऐकली होती आणि ती आमच्याविरुद्ध आहे असे मला वाटत असे. आज तसे वाटत नाही.

तरीही मी माझे म्हणणे पूर्ण सोडत नाही. टोकाच्या महागाईत सरकारने हात घालावा. पण कधी घालणार ते आधी लिहिलेले असावे आणि तोच हात टोकाच्या मंदीतही पुढे यावा. वरच्या बाजूला छत असेल, तर खालच्या बाजूला जमीन हवी. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे मिळालेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते. त्या दिवशी कोणत्याही कार्यालयातून तातडीची अधिसूचना निघाली नाही.

बाजारओटा

लिहिलेला नियम एकदा आला होता. २०२० मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा फळे-भाज्यांचा किरकोळ भाव मागील बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत दुप्पट झाला तरच साठ्यावर मर्यादा आणता येईल, असे ठरले होते. पण निर्यातीला तो नियम लागू नव्हता, आणि त्याच सप्टेंबरात १४ तारखेला निर्यात बंद झाली. ऑक्टोबरात साठ्याची मर्यादाही आली. पुढे २०२१ मध्ये कृषी कायदे मागे घेताना ही दुरुस्तीही गेली. तीत खालच्या बाजूची जमीन नव्हतीच, हे गिरणगाव यांचे म्हणणे मात्र बरोबर आहे.

कृष्णाकाठ

जमीन बांधायची तर नाफेडसारख्या, सरकारसाठी शेतमाल विकत घेणाऱ्या सहकारी संस्थेची खरेदी शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत आली पाहिजे आणि तिची तारीख लावणीआधी जाहीर झाली पाहिजे. भाव ठरवू नका, किती टन घेणार ते सांगा. उसावरून शिकलो ते एवढेच.

गिरणगाव

हे पटले. भावाची खात्री दिली तर तुमच्या उसासारखे होईल. खरेदीची खात्री दिली तर पडत्या बाजारात निदान एक बोली लावणारा वाढेल. बाजारओटा यांच्या आजोबांच्या वाक्यातली घाईही तेवढी कमी होईल.

सुमेधा_कोथरूड

काल मी शेजारणीला हा धागा वाचायला दिला. तिने विचारले की आपण लिलाव प्रत्यक्ष पाहू शकतो का. निफाडकर दादा, आम्ही पाच-सहा जणी यायला तयार आहोत. कोणत्या महिन्यात यावे?

निफाडकर

ताई, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात या. तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते. सकाळी लवकर पोचलात तर ट्रॅक्टरची रांग दिसेल, मग लिलाव, मग काटा आणि शेवटी हिशेबपट्टी. आडत २०१६ पासून खरेदीदाराकडे गेली आहे, तरी पट्टीवर काय काय कापले जाते ते मी तुम्हाला ओळीने दाखवीन. दुपारी घरी जेवायला या. चाळ भरायला घेतलेली असेल. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढायला चार हात जास्त मिळाले तर आईला आनंदच होईल.